आवाज नसलेलं रडणं

"पोटचा असता, तर अशी मान डोलावली असतीस का गं?"

अतिदक्षता विभागाच्या दाराशी आजींनी सर्वांदेखत विचारलं आणि तिच्या काळजात चर्र झालं!

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा छोटू जेमतेम चालायला लागला होता. त्याची जन्मदाती आधीच गेली होती. आता तोच पाच वर्षांचा जीव न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर निपचित पडला होता, त्याचे बाबा जहाजावरच्या नोकरीत भर समुद्रात अडकले होते, आणि ज्याच्या गळ्यात पडून रडावं असं तिला जवळचं कुणी नव्हतं…

सकाळीच डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं होतं. "त्याचं हिमोग्लोबिन उतरतंय. या आजारपणात नवं रक्त नीट तयार होत नाही, आणि तपासण्यांसाठी आपण सारखं काढतोय. एवढ्याशा देहात रक्त ते कितीसं! आता गरजेच्याच तपासण्या करू, त्याही छोट्या बाटल्यांत. चालेल ना?"

छोटूच्या काळ्यानिळ्या पडलेल्या हाताकडे बघत तिने होकार दिला होता. आजींना, म्हणजे त्याच्या आईच्या आईला, हे कळलं मात्र, त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"एकही तपासणी राहता कामा नये! सावत्र ती सावत्रच!"

"आई, डॉक्टरच म्हणाल्या…"

"मला आई म्हणू नकोस!"

"बरं. तुम्ही बसा त्याच्याजवळ. मी बाहेर थांबते."

पलंगाजवळची एकुलती खुर्ची आजींसाठी सोडून ती बाहेरच्या बाकावर येऊन बसली. इतरांचे नातलग डबे घेऊन येत, एकमेकांना धीर देत. कुणीतरी सहज विचारलं, "आत तुमचं कोण?" "माझा मुलगा," ती म्हणाली, आणि आपण खोटं बोलत असल्यासारखा तिचाच आवाज कापला!

दुसऱ्या दिवशी एका गरजेच्या तपासणीसाठी नर्स आत आली. शीर सापडेना. सुई पुन्हा टोचली गेली तसा छोटू तळमळला, पण घशात नळी. आवाज कुठून फुटणार? नुसती आसवं कानांकडे ओघळत राहिली. आजींनी त्याचा तळवा हातात घेतला. कागदासारखा पांढराफटक! या एवढ्याशा हातातून अजून किती रक्त काढायचं, त्यांच्या मनात आलं.

त्या बाहेर आल्या आणि बाकावर तिच्या शेजारी बसल्या. डॉक्टरीणबाई मागोमाग आल्या. "हिमोग्लोबिन उतरायचं थांबलंय. रक्त चढवायची वेळ येईलसं वाटत नाही. श्वासही सुधारतोय… लवकरच नळी काढू."

दोघींच्याही डोळ्यांना धार लागली, पण एकमेकींकडे बघायचा धीर होईना. आजी पुटपुटल्या, "माझ्या लेकीचा ताप साधाच समजलो आम्ही. एक तपासणी केली नाही गं कुणी… म्हणून वाटलं, याचं काही राहून जायला नको! आणि तुला मात्र… नाही नाही ते बोलले."

तिने आजींचा हात आपल्या हातात घेतला. मनात कितीतरी बोलायचं साठलं होतं, पण ओठांवर आलं ते वेगळंच.

"कशा होत्या हो त्या?"

आजींनी दचकून वर पाहिलं. लेक गेल्यापासून हे त्यांना कुणी, कुणी म्हणजे कुणीच विचारलं नव्हतं! पदराने तोंड पुसत त्या तिच्याकडे सरकल्या.

"हट्टी होती बघ… अगदी लहानपणापासून…"