पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये

निवृत्त मोजणीदारांना दोनच गोष्टींचा अभिमान होता: नदीकाठच्या या वाटेचा त्यांनी काढलेला नकाशा आणि त्यांची मुलगी. नकाशात तीस वर्षांत कुणाला वीतभरही चूक सापडली नव्हती. मुलगी गेल्याच आठवड्यात त्यांच्याच खात्यात, त्यांच्याच जागेवर रुजू झाली होती. म्हणून आज बापलेक सकाळीच जंगलातून निघाले होते, खालच्या धबधब्यापासून वरच्यापर्यंत. वाटेत एकूण सहा धबधबे.

"हा अकरा मीटर," मोजणीदार प्रत्येकापाशी थांबून त्याची उंची छाती काढून सांगत.

"माहितीय हो बाबा. तुमचा नकाशा पाठ आहे मला."

पाचवा मागे पडला तशी झाडी दाटली. पाण्याचा आवाज कमी होत गेला आणि मग बंदच झाला. नदी मात्र शेजारून पहिल्यासारखीच धावत होती.

वळण घेतलं आणि दोघं थबकली. समोर दोन पुरुष उंचीचा धबधबा होता. पाणी कोसळत होतं, पण आवाज नव्हता. तुषार चेहऱ्यावर येत होते, पण चेहरा भिजत नव्हता.

"हा नकाशात नाही," मुलगी हळूच म्हणाली.

"शक्यच नाही. या दगडावरून मी पन्नासदा गेलोय."

दुसरं कुणी असतं तर तिथूनच मागे फिरलं असतं. तिनं पिशवीतून मोजणीचा टेप काढला. "आहे तर मोजायला हवं. मागे पोकळी दिसतेय. तुम्ही टेपची डबी धरा, मी टोकाची कडी घेऊन आत जाते."

मोजणीदारांचा ऊर भरून आला. पोरगी आपल्यावर गेली आहे, अगदी तंतोतंत.

ती पाण्याच्या पडद्याआड गेली. त्यांच्या हातातल्या डबीतून टेप सुटू लागला. पाच मीटर. दहा. अठरा.

"फार आत जाऊ नकोस गं!"

"बाबा, मी इथे आहे."

आवाज पाठीमागून आला.

त्यांनी वळून पाहिलं. ती काठावर उभी होती, दोन्ही हात रिकामे. "आत दोन हातांवर सरळ कातळ आहे. कडी तिथेच खाली ठेवली आणि पलीकडच्या कडेनं बाहेर आले."

टेप अजून सुटत होता.

सव्वीस. अठ्ठावीस. तीस मीटरला तो संपला आणि ताणला गेला.

मग पलीकडून दोन हलके झटके आले. धरलंय, वाचा, असं सांगणारे.

  मुलीनं वही उघडली, तारीख टाकली आणि शांतपणे लिहिलं: 'खोली तीस मीटरहून जास्त.' मग बापाच्या हातावर हात ठेवून तिनं टेप गुंडाळायला घेतला. पलीकडून कुणी अडवलं नाही.

शाब्बास, त्यांना म्हणायचं होतं. त्यांनी नुसती डबी घट्ट धरून ठेवली.

शेवटी कडी बाहेर आली. ती कोरडी होती आणि कुणी बराच वेळ मुठीत धरून ठेवावी तशी कोमट.