सावडीचा एक दिवस

आपल्याच खाचरात, आपल्याच माणसांच्या रांगेत कुणी अनोळखी तरुण भात लावतोय, हे श्रद्धाच्या लक्षात यायला दुपार झाली. रोपं तिरकी, मूठ ढिली... पण नेट मात्र दांडगा!

"काय हो, कोणाकडचे तुम्ही?"

"भागोजीमामांचा भाचा. हर्षद, दाभोळचा. हे मामांचंच शेत ना?"

"मामांचं ओढ्याच्या वर. हे आमचं!"

अख्खी रांग हसली. हर्षद कानापर्यंत लाल झाला, पण चिखलातून काही बाहेर निघाला नाही.

बांधावर जेवताना त्यानं विचारलं, "एवढ्या माणसांना मजुरी काय देता?"

"मजुरी कसली? सावड ही. आज सगळे आमच्याकडं, उद्या आम्ही त्यांच्याकडं. दिवसाला दिवस."

"उजामा..." तो पुटपुटला.

"ते काय असतं?"

हर्षद बोटीवर नोकरीला होता. टांझानियाच्या बंदरातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला हा शब्द शिकवला होता. उजामा म्हणजे कुटुंबपण. गावानं मिळून राबायचं, मिळून खायचं.

"मग? जमलं त्यांना?" श्रद्धाचा घास हातातच राहिला.

"हौसेनं आले तिथं जमलं म्हणे. पुढं सरकारनं हुकमानं गावं हलवली, तिथं माणसं रुसली."

"रुसणारच. जबरदस्तीनं कुणी कुणाचं होतं का?" ती म्हणाली, आणि उगाचच भाकरीकडं बघत बसली.

पुढचे चार दिवस सावड मामांच्या खाचरात होती, आणि का कोण जाणे, रांगेत तो नेमका श्रद्धाच्या शेजारी! ती बंदरांबद्दल विचारायची, तो रोपांबद्दल. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. पण शनिवारी तो नऊ महिन्यांसाठी बोटीवर निघणार होता.

"तुझा एक दिवस आमच्या अंगावर आहे," ती म्हणाली. "चुकून लावलास, तरी दिवस तो दिवस."

"अगं, दाभोळला माझं शेतच नाय!"

"काम तर असेल?"

शुक्रवारी ती एसटी आणि फेरीबोट करून दाभोळला थडकली. वाऱ्यानं पाडलेला पडवळाचा मांडव हर्षदच्या आईबरोबर, म्हणजे सोनूबाईंबरोबर, दिवसभर खपून उभा केला.

संध्याकाळी हर्षद म्हणाला, "फिटला बाई तुझा दिवस."

श्रद्धानं उरलेली सुतळी गुंडाळून ठेवली. आता इथं यायला निमित्त कुठलं?

"मला फिटायला नको होता," ती बोलून गेली. "नऊ महिने थांबेन मी. पण कोणासाठी, ते आज कळू दे. हर्षद... लग्न करशील माझ्याशी?"

"मी... म्हणजे मीच विचारणार होतो... हो!"

स्वयंपाकघरातून सोनूबाईंचा आवाज आला, "मोठ्यानं बोल रे, चुलीपाशी ऐकू नाय आलं!"