खिंडीतला पडता वारा

त्या दुपारी मी धावपट्टीकडेच्या शेडमध्ये गेलो तो लेकीचा विसरलेला डबा पोचवायला. चोवीस वर्षं छोटी विमानं उडवलेला माणूस मी, विमानातल्या काट्यावर दिसेल तेवढंच खरं मानत आलो. म्हणून सांगतो ते नीट ऐका.

आमची थोरली ड्रोनचा मेंदू लिहिते. म्हणजे कोड. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात रक्ताच्या पिशव्या नेणारं ड्रोन तिचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पहिली चाचणी होती. त्याआधी तो कोड सिम्युलेटरला जोडायचा होता. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरमधलं खोटं आकाश. कोड हुकूम सोडतो, खोटं ड्रोन उडतं, उंची-वेगाचे आकडे उलट कळवतं. पडलं तरी खरं काही मोडत नाही.

पहिल्यांदा जोडलं तर ड्रोन वर जायच्या ऐवजी जमिनीत घुसलं. मला हसू आलं.

“हसू नका हो बाबा. माझ्या कोडमध्ये खाली म्हणजे अधिक, याच्यात वर म्हणजे अधिक. दोघांची तोंडं दोन दिशांना!” असं म्हणत तिने एक चिन्ह बदललं, आणि पडद्यावरचं ड्रोन असं अलगद उचललं गेलं की माझी छाती फुगली. मला स्वतःला उडायला शिकताना दोन वर्षं लागली होती. ही पोरगी यंत्राला शिकवत होती.

मग ड्रोन दवाखान्याच्या वाटेवरच्या खिंडीपाशी आलं. सिम्युलेटरमधला नकाशा खऱ्या डोंगरांवरूनच केलेला होता. खिंडीच्या तोंडाशी ड्रोनने मान टाकली आणि दगडासारखं खाली गेलं. पुन्हा उडवलं. तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच.

“वारा किती ठेवलायस?” मी विचारलं.

“शून्य. बाबा, यात वाराच नाहीये...”

खऱ्या खिंडीत वरून पडणारा वारा आहे, हे मला ठाऊक होतं. मला विमान शिकवणारे मास्तर तिथेच गेले. औषधं घेऊन निघाले होते. खरं तर पाळी माझी होती, पण मी तापाने फणफणलो होतो. ना विमान सापडलं, ना मास्तर. घरात हे मी कधी बोललो नाही.

“कोड चुकतोय की सिम्युलेटर, तेच बघू,” म्हणत लेकीने कोडची जोडणी तोडली आणि हाताने उडवायची दांडी माझ्यापुढे ठेवली. “तुम्ही उडवा.”

उडवलं. खिंड जवळ येऊ लागली तसा शेडमध्ये विमानाच्या इंधनाचा वास भरला. आमच्याकडे तर नुसत्या बॅटऱ्या! वास घशापर्यंत आला... आणि माझ्या मुठीतली दांडी हलली. प्लॅस्टिकची हलकी दांडी, आत मोटर नाही, काही नाही. चटका बसावा तसा मी हात काढला. दांडी चालूच राहिली. सावकाश पुढे झुकली, थांबली, मग मागे आली. आधी वेग, मग उंची. विमानाचं नाक खाली दाबून खिंडीत शिरायचं, ही रीत मी एकाच माणसाची पाहिली होती.

ड्रोन खिंड पार झालं.

“बाबा... कोण उडवतंय?” लेकीचा आवाज जेमतेम ऐकू आला.

“माझे मास्तर,” मी म्हणालो. “लिहून घे.”

दुसरं कोणी असतं तर दार गाठलं असतं. हिने खुर्ची पुढे ओढली. त्या दांडीची एकेक हालचाल तिने टिपली आणि कोडमध्ये उतरवली. दिवस मावळायच्या आत तिचा कोड एकट्याने सात वेळा खिंड ओलांडून आला. तो नसलेला वारा सातही वेळा पडला. कोड त्याला पुरून उरला.

सकाळी चाचणी पाण्याच्या पिशव्यांवर व्हायची होती. पण दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. बाळंतिणीचं रक्त थांबत नव्हतं आणि दरड कोसळून रस्ता बंद होता. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि तिने ड्रोनच्या पेटीत पाण्याऐवजी रक्ताच्या पिशव्या ठेवल्या.

खरं ड्रोन खिंडीत शिरलं. उंची चाळीस मीटर घसरली. मग ड्रोनने नाक खाली दाबलं, वेग घेतला आणि वर आलं.

तासाभराने बाईंचा पुन्हा फोन आला. बाळ-बाळंतीण सुखरूप! मी ताठ उभा राहिलो आणि लेकीला सलाम ठोकला. असा मनापासून सलाम याआधी फक्त मास्तरांना केला होता. ती रडली. मीही रडलो, लपवत कशाला.

मग तिने ड्रोन परत बोलावलं. खिंडीतून बाहेर पडून ते जवळ आलं, तेव्हा मोटरींचा आवाज बदललेला होता.

“बाबा, पेटी रिकामीच आहे ना?”

“हो. बाईंनी स्वतः सांगितलं.”

“मग हे ओझं कसलं?... मोटरी जीव खाऊन ओढतायत.”

ड्रोन जड अंगाने धावपट्टीवर आलं. जमिनीपासून हातभर वर असताना ते ओझं एकदम उतरलं, आणि ड्रोन हलकं होऊन वर उसळलं.

आम्ही दोघं बाहेर उभे होतो. शेडमध्ये कोणी नव्हतं. पानही हलत नव्हतं. शेडचं दार मात्र सावकाश लोटलं गेलं... आणि आतून कोणीतरी कडी लावली.