पाटाएवढ्या जागेत रेंज नव्हती

ही गोष्ट रात्रीची नाही.

या पेजवर तुम्ही बहुतेक अमावास्या, स्मशान, सुनसान रस्ता असलं वाचता. मीही वाचते. पण माझ्या घरात जे झालं ते भर दुपारी झालं. कूलर चालू असताना, शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत असताना. मी जन्मभर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं आहे, उगाच काही लिहायची मला सवय नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे. तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका.

घर नांदेडचं, तरोड्याच्या बाजूचं. यंदाचा एप्रिल.

माझी मुलगी मनस्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मला झालेली ही एकुलती एक लेक. तिला सातवा महिना होता. नोकरी पुण्याच्या कंपनीत, म्हणून बॅगेबरोबर कॉम्प्युटरही आला. जावई अंबरीश शुक्रवारी यायचा, तोही आपला लॅपटॉप घेऊन. दोघांनाही एकाच वेळी नेट हवं असायचं. माझ्या फोनवरच्या नेटवर ते भागेना. म्हणून घरात राउटर बसवायचं ठरलं.

"आई, मला मागची खोली दे," मनस्विनी म्हणाली. "पुढं रस्त्याचा आवाज येतो. माझ्या मीटिंगा असतात."



मागच्या खोलीत मी धान्याच्या कोठ्या ठेवते. तिथं कुणी झोपत नाही. पण घरातली सगळ्यात गार खोली तीच. सातव्या महिन्यातल्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

कोठ्या हलवल्या.

राउटर बसवायला धम्मानंद नावाचा माणूस आला. मोठा बोलका. आल्या आल्या म्हणाला, "काकू, चहा साखरेचा सांगा. बिनसाखरेच्या चहावर आमचं नेट स्लो चालतं." हॉलमध्ये त्यानं तो पांढरा डबा भिंतीला लावला. हिरवे दिवे लुकलुकले. दोन्ही कॉम्प्युटर जोडले. मग हातातल्या फोनवर रेंज बघत तो घरभर फिरला.

"समदीकडं फुल हाय काकू. किचनमधी फुल. गच्चीवर सुदिक फुल."

मग तो मागच्या खोलीत गेला.

"इथं बी हाय... हाय... हाय..."

खिडकीजवळच्या कोपऱ्यात तो थांबला.

"इथं न्हाई."

एक पाऊल मागे आला. रेंज आली. पुढे गेला. रेंज गेली. मग त्या जागेला गोल फेरी घालून आला.

"पाटाएवढी जागा हाय बघा. भोवतीनं समदीकडं हाय, तेवढ्यातच न्हाई. मधी माणूस उभा राहिला की असं व्हतंय. माणूस म्हणजे पाण्याचं पिंप. त्याच्यातून रेंज पार व्हत न्हाई."

"मग तिथं कोण उभंय?" मनस्विनीनं हसत विचारलं.

"तुमच्या घरचं तुम्हाला माहीत, ताई. आमी काय, कनेक्शनवाले."

दोघंही हसले.

मला हसू आलं नाही. त्या खिडकीशी कोण उभं राहायचं, ते मला माहीत होतं.

माझी नणंद, केवळा.

आम्ही हे घर नुकतंच बांधलं होतं तेव्हा. आजूबाजूला सगळी शेतं. केवळा उमरीकडच्या आपल्या सासरहून पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. आम्ही दोघी एका वयाच्या. दुपारी कामं आटोपली की मागच्या खोलीत फरशीवर लवंडायचो. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायची आणि म्हणायची, "वहिनी, लई जड झालंय बाई मला. आता निस्तं तुमच्या अंगावर पडून राहू द्या." खूप हसायची. हसताना दोन्ही हातांनी पोट धरायची.

एका दुपारी कळा सुरू झाल्या. हे टांगा आणायला गेले. ती खिडकीशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, रस्त्याकडे बघत.

टांगा वेळेवर आला नाही.

ती गेली. बाळही गेलं.

तेराव्यानंतर सासूबाईंनी त्या खोलीच्या उंबरठ्यात एक खिळा ठोकून घेतला. बाळंतपणात गेलेली बाई घरभर फिरू नये म्हणून. मला ते आवडलं नव्हतं. पण सुनेला तेव्हा कोण विचारतं?

आता परत त्या दुपारकडे येते.

धम्मानंद म्हणाला, खोलीत आणखी एक डबा लावू, हॉलमधून वायर ओढू, मग कोपरा बिपरा काही राहणार नाही. मी चहा करायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले तर वायर उंबरठ्यावरून बसवून झाली होती. धम्मानंदच्या तळहातावर तो खिळा होता. गंजलेला, बोटाएवढा.

"वायर दबून बसंना काकू. हे आडवं येऊन राहिलं होतं."

मी कप त्याच्यापुढं ठेवला. काय बोलणार? भूत नसतं, असं मीच मुलींना वर्षानुवर्षं शिकवलं.

तो कोपऱ्यात जाऊन आला.

"बघा! आता फुल. गेली तुमची अडचण."

गेली...

पण कुठे?

दोन-तीन दिवस सगळं छान चाललं. मग एका दुपारी आतून हाक आली.

"आई... नेट गेलं."

मी माझा फोन घेऊन गेले. त्यावर स्वयंपाकाचा एक कार्यक्रम चालू होता, बाई भरल्या वांग्याचा मसाला सांगत होती. खोलीत आले तरी बाईचा आवाज चालूच. खाटेच्या पायथ्याशी पाऊल टाकलं...

बाई बोलता बोलता थांबली.

मी मागे सरकले. बाई बोलू लागली.

तेवढीच जागा. पाटाएवढी.

आणि आणखी एक गोष्ट. खोलीत कूलर घरघरत होता. पण त्या जागेच्या अलीकडे उभं राहिलं की त्याचा आवाज दबायचा. वाराही लागायचा नाही. आपल्यात आणि कूलरमध्ये कुणी येऊन उभं राहिलं की होतं, अगदी तसं.

मी मनस्विनीला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती जागा दाराजवळ होती.

मग हॉलमध्ये. अंबरीशची मीटिंग मध्येच तुटली. त्यानं राउटर बंद करून चालू केला, काय काय बदललं. शेवटी नवीन डबा आणला. फरक पडला नाही. "आई, तुमच्या घरालाच दुपारची डुलकी लागते," तो म्हणाला.

मग एके दिवशी ती जागा परत मागच्या खोलीत आली.

मनस्विनीच्या खुर्चीच्या मागे.

आणि तिथून हलेना.

त्या दुपारी मनस्विनी काम सोडून बाहेर आली. चेहरा उतरलेला.

"आई, बाळ हलत नाहीये गं."

गूळ-पाणी दिलं. डाव्या कुशीवर झोपवलं. पोटावर हात ठेवला. काही नाही... काही नाही...

रिक्षा करून दवाखान्यात नेलं. तिथं पोहोचेपर्यंत बाळ लाथा मारू लागलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, सगळं ठीक आहे, झोपलं असेल.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्या खुर्चीत बसली.

"आई, नेट गेलं."

थोड्या वेळानं म्हणाली, "आज पण गप्प आहे गं."

तेव्हा मला कळलं. नेट गेलं की बाळ गप्प होतं.

खुर्ची हलवली. ती जागाही हलली. तिला हॉलमध्ये बसवलं. ती मागोमाग आली. पुण्याला परत जा म्हणावं, तर डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला. खिळा परत ठोकावा असंही मनात आलं. हातोडी घेऊन उंबरठ्यापर्यंत गेलेसुद्धा. मग हात थांबला. खिळा ठोकला आणि केवळा आत असली तर? मनस्विनी रात्री तिथंच झोपत होती.

शेवटी मी मनस्विनीला सगळं सांगितलं.

"आई, तू? तू विज्ञानाची बाई ना! बाबा असते तर पोट धरून हसले असते."

हसणारे नव्हते ते. त्या दुपारनंतर ते आयुष्यात कधी टांग्यात बसले नाहीत.

मग मी एक केलं.

दुपारी मनस्विनीचा डोळा लागला होता. मी फोनवर तोच वांग्याचा कार्यक्रम लावून तिच्या खाटेभोवती हळूहळू फिरले. उशाशी आले आणि वांग्याची बाई थांबली. कूलर दबला. मी तिथंच फरशीवर बसले. पाय लांब केले. आणि हळूच म्हणाले,

"केवळा... हिकडं ये बाई. माझ्यापाशी बस. ती पोरगी हाय माझी. तिला सोड."

किती वेळ गेला, माहीत नाही.

मग खांदा जड झाला.

दुखावं असा नाही. कुणी डोकं टेकावं, तसा.

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी रडू आलं. इतक्या वर्षांनी... मग मात्र अंगावर काटा आला, कारण तो भार मी उठले तरी उतरला नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. फोनवर रेंज नाही. गच्चीवर गेले. नाही. अंगणात, देवघरात, कुठेच नाही. आणि आत मनस्विनी ओरडली, "आई, नेट एकदम फास्ट झालं! आणि हे बघ, लाथा बघ कशा मारतंय!"

त्या दिवसापासून मी तिच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. जेवणाचं ताट दारातून द्यायची. ती रुसायची. "माहेरी आलेय की लॉजवर?" म्हणायची. मी ऐकून घ्यायची. नातेवाईक तक्रार करायचे, तुमचा फोन लागत नाही. मी म्हणायची, जुना झालाय. दर थोड्या वेळानं फोन बघायची. रेंज नाही दिसली की जीव भांड्यात पडायचा.

मनस्विनी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. नात घरी आली तेव्हाही मी तिला फारसं मांडीवर घेतलं नाही. पाहुण्या बायका कुजबुजल्या, मुलगी झाली म्हणून आजीचं तोंड वाकडं. कुजबुजू देत.

ऑगस्टच्या शेवटी अंबरीश गाडी घेऊन दोघींना न्यायला आला.

निघायच्या आधी मी मनस्विनीला पाटावर बसवलं. ओटी भरायची म्हणजे जवळ जावंच लागलं. तांदूळ, नारळ, खण. मनात एकच येत होतं... केवळाची ओटी भरून तिला या घरातून कुणी असं पाठवलंच नाही.

गाडीत बसताना मी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाले, "जा बाळा. सुखानं जा."

कुणी ऐकलं, कुणास ठाऊक.

गाडी सुरू झाली. आणि माझ्या हातातला फोन वाजला.

टिंग.

टिंग. टिंग. टिंग...

इतक्या दिवसांचे अडकलेले निरोप धडाधड येऊ लागले. फुल रेंज. खांदा हलका. इतका हलका की माझा तोल गेला.

"थांबा!" मी ओरडले. गाडी कोपऱ्यावरून वळली.

मी मनस्विनीला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

अंबरीशला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

शहरातल्या शहरात! लावत राहिले. दुपार कलल्यावर एका अनोळखी नंबरवरून फोन आला. अंबरीश होता.

"आई, अहमदपूरला चहाला थांबलोय. हॉटेलवाल्याच्या फोनवरून बोलतोय. आमच्या दोघांच्याही फोनला नांदेड सोडल्यापासून रेंजच नाही बघा. काळजी नको."

"बाळ कसं आहे?"

"एकदम गुणी. नांदेडपासून गप्प आहे."

ते पुण्याला पोहोचले. दिवस चालले आहेत. डॉक्टर म्हणतात, बाळाचं वजन ठीक आहे, सगळं ठीक आहे. केवळाला बाळ हवं होतं, की फक्त या घरातून निघायचं होतं, मला कळत नाही. मी आता घरात कुठेही उभी राहिले, अगदी खिडकीच्या त्या कोपऱ्यातही, तरी फोनला फुल रेंज असते. त्या रेंजची मला भीती वाटते.

रोज दुपारी मनस्विनी व्हिडिओ कॉल करते. घर दाखवते, गॅलरी दाखवते, स्वयंपाकघर दाखवते. सगळं स्वच्छ दिसतं. मग ती फोन घेऊन पाळण्याकडे जाते...

आणि चित्र अडकतं.

दर वेळी. पाळण्यापाशीच. त्या घरात नेट वेगळं आहे, राउटर वेगळा आहे.

काल मी तिला म्हणाले, "बाळाला घेऊन इकडं ये. आजच्या आज ये." ती हसली. ती पाळण्यापासून दूर होती, त्यामुळे आवाज अगदी स्पष्ट आला.

"अगं आई, कशाला घाबरतेस? इतकं शांत बाळ आहे ना... दुपारी पाळण्यात ठेवलं की हलतसुद्धा नाही."

आजची दुपार झाली आहे. तिचा कॉल अजून आलेला नाही. मी लावतेय...

रिंग जात नाही.