सम्राटाचा डावा बूट

“मानवजातीच्या इतिहासात असे क्षण फार थोडे येतात, जेव्हा एका माणसाच्या एका पावलाने सगळ्या युरोपचं नशीब बदलतं,” राडका दिमोवा म्हणाली आणि तिने काचेच्या पेटीकडे हात केला. “ते पाऊल ज्या बुटात होतं, तो बूट तुमच्यासमोर आहे.”

समोर बूट नव्हता.

पेटी होती. तिची पुढची काच नव्हती. आत लाल मखमली उशी होती आणि उशीवर बुटाच्या आकाराचा खळगा होता. बसभर प्रवाशांनी खळग्याचे फोटो काढले.

“मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे,” एक बाई म्हणाल्या.

भिंतीला टेकून उभे असलेले निवृत्त फौजदार गेबहार्ट रोमिंगर सकाळपासून पहिल्यांदाच ताठ झाले.

त्यांची सगळी नोकरी श्टुटगार्टच्या पोलिसांत गेली होती. नेकरहाल्डेनच्या एका दिवसाच्या सहलीचं तिकीट पत्नी रोझविटाने त्यांना वाढदिवसाला दिलं होतं, आणि ही भेट आहे की शिक्षा, हे विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता. आतापर्यंत त्यांनी एक विहीर पाहिली होती, जिच्यात कधीच कोणी पडलं नव्हतं. एक घर पाहिलं होतं, जिथे एका थोर तत्त्ववेत्त्याची दाढ दुखली होती. एक पूल पाहिला होता, जो तीनदा वाहून गेला होता आणि जो तिसऱ्यांदा तसाच सोडला असता तर गावाची शोभा वाढली असती, असं त्यांचं मत होतं. आता वेशीच्या बुरुजातल्या वरच्या खोलीत सम्राटाचा डावा बूट पाहायचा होता. कोणता सम्राट, याबद्दल गावात दोन मतं होती. डावा, याबद्दल एकमत होतं.

“गेबहार्ट,” रोझविटा हळूच म्हणाली, “ती मुलगी बघ.”

राडका पांढरीफटक पडली होती. गळ्यातला वाटाड्याचा पितळी बिल्ला तिने मुठीत धरला होता. बल्गेरियातून येऊन तिला आठ वर्षं झाली होती. पहाटे बेकरीत पाव भाजायचे आणि उरलेल्या दिवसात नेकरहाल्डेनचा इतिहास पाठ करायचा, असं करत तिने तो बिल्ला मिळवला होता. तोही तात्पुरता. आज सहलीत चूक झाली नाही, तर सोमवारी तो कायमचा होणार होता. हे तिने विहिरीपाशी रोझविटाला सांगितलं होतं, कारण विहिरीबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं.

हवालदार नेगेले आला तेव्हा त्याच्या मिशीत पावाचे कण होते. त्याच्या मागोमाग हातात बॅग आणि डोक्यावर हॅट घेऊन, धापा टाकत इतिहास मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर झाइबोल्ट जिना चढून आले. आजोबा अध्यक्ष, वडील अध्यक्ष, आणि आता हे. नेकरहाल्डेनमध्ये इतिहास वारसाहक्काने मिळत असे.

“काय झालं?” त्यांनी विचारलं. पेटी पाहिली. हॅट काढली. “म्हणजे झालंच.”

नेगेलेने वही काढली. “दार कोणी उघडलं?”

“मी,” राडका म्हणाली. “आत्ता, सगळ्यांसमोर.”

“कुलूप तोडलेलं होतं?”

“नाही. नीट होतं.”

“किल्ल्या किती?”

“दोन. एक माझ्याकडे, एक डॉक्टरांकडे.”

“आणि पेटीची?”

“ती फक्त डॉक्टरांकडे.”

नेगेले विचार करू लागला. तो विचार करताना दिसत असे, इतका तो प्रकार त्याला नवा होता. “ज्याच्याकडे पेटीची किल्ली आहे, तो काच कशाला फोडेल? आणि जिच्याकडे दाराची आहे, पण पेटीची नाही...”

“मी गुरुवारपासून उल्मला होतो, भाचीकडे,” झाइबोल्ट म्हणाले. “आत्ता स्टेशनवरून सरळ येतोय. गाडी अगदी वेळेवर आली.”

रोमिंगरांची एक भुवई वर गेली.

झाइबोल्टांनी राडकापुढे हात पसरला. “बिल्ला.”

“डॉक्टर, मी काही केलेलं नाही.”

“केलंस असं मी कुठे म्हणतोय? चौकशी होईपर्यंत दे. मी मंडळात पहिल्यापासून सांगत होतो, बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या इतिहासाची आपुलकी कुठून असणार? तारखा पाठ करता येतात. आपुलकी पाठ करता येत नाही.”

राडकाने बिल्ला काढून दिला. तो देताना तिची मान इतकी ताठ होती की रोझविटाने नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं. लग्नाच्या इतक्या वर्षांनी त्या कोपराचा अर्थ त्यांना कळत होता.

“हवालदार,” रोमिंगर म्हणाले, “मी श्टुटगार्टचा निवृत्त फौजदार. थोडं इकडेतिकडे बघितलं तर चालेल?”

“बघा की,” नेगेले म्हणाला. काम दुसरा कोणी करणार असेल तर त्याची कधीच हरकत नसे.

रोमिंगर गुडघ्यावर बसले. पेटीच्या चौकटीला काचेचे दात होते. जमिनीवर मात्र एक कण नव्हता. त्यांनी फळ्यांच्या फटीतून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. फटी ओल्या होत्या.

“राडका, ही खोली झाडतं कोण?”

“मी, दर शुक्रवारी. काल संध्याकाळीही झाडली. तेव्हा बूट होता, काचही होती.”

“पाण्याने पुसलीस?”

“नाही. डॉक्टर पाणी वापरू देत नाहीत. लाकूड फुगतं म्हणतात.”

“बुटाबद्दल हल्ली कोणी चौकशी केली होती?”

“मीच केली,” ती म्हणाली. “चामडं किती जुनं आहे, असं प्रवासी विचारतात. मला सांगता येत नव्हतं. म्हणून विद्यापीठात फोन केला. सोमवारी एक प्राध्यापक तपासायला येणार होते.”

“डॉक्टरांना हे ठाऊक होतं?”

“बुधवारी सांगितलं. छान केलंस म्हणाले.”

रोमिंगर जिना उतरू लागले. लाकडी पायऱ्या स्वच्छ होत्या आणि कोपऱ्यांत अजून ओल होती. बुरुजात दोनच बिऱ्हाडं होती. मधल्या मजल्यावर मुन्झबाई, खालच्या मजल्यावर स्वतः झाइबोल्ट. झाइबोल्टांच्या दारावर एक लहानशी लाकडी पाटी लटकत होती: झाडलोटीचा आठवडा.

रोमिंगर त्या पाटीसमोर जरा वेळ उभे राहिले. आपल्याकडे, श्टुटगार्टच्या या श्वाबिया मुलखात, अशी पाटी जिन्याजिन्यातून दारोदार फिरते. ज्याच्या दारावर पाटी, त्याने शनिवारी जिना झाडायचा आणि पुसायचा. मग आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर अडकवायची. रोमिंगरांनी नोकरीत खुनी पकडले होते, दरोडेखोर पकडले होते. घरच्या पाटीतून मात्र त्यांची एकदाही सुटका झाली नव्हती. घरात मयत झाली तरी पाटी थांबत नाही.

आज शनिवार होता.

ते पुन्हा वर चढले आणि मुन्झबाईंचं दार वाजवलं. बाई सत्तरीच्या होत्या आणि अंगाने काटकुळ्या होत्या. दार उघडताच त्यांनी आधी पाहुण्याच्या बुटांचे तळवे पाहिले.

“सकाळपासून काही वेगळं ऐकलंत का, बाई?”

“तो नेगेलेही वर जाताना हेच विचारून गेला. वेगळं काही नाही.”

“जिना तुम्ही पुसलात?”

“मी?” बाईंच्या आवाजाला धार आली. “पाटी कोणाच्या दारावर आहे ते बघा आणि मग बोला. दुसऱ्याच्या आठवड्यात झाडू उचलायचा म्हणजे त्याला तोंडावर घाणेरडा म्हणायचं. मी त्या माणसाला मनात काय वाटेल ते म्हणते. तोंडावर नाही.”

“मग राडकाने पुसला असेल.”

“ती पोरगी नदीपलीकडे राहते. तिला तिचा जिना आहे. इथल्या पायऱ्यांना हात लावायला तिला वेड लागलंय का?”

“पण चांगला पुसलाय?”

“कोपरेसुद्धा,” बाई नाइलाजाने म्हणाल्या. “बोट ठेवायला जागा नाही. मी शोधली.”

“जरा वर येता?”

बाई आल्या. एवढ्या लोकांनी ओल्या जिन्यावर पाय दिले, हे कोणाला तरी सुनवायचंच होतं.

वरच्या खोलीत प्रवासी हललेले नव्हते. तिकिटाच्या पैशांत चोरीही बघायला मिळत होती. झाइबोल्ट बॅग हातात धरूनच उभे होते.

“हवालदार,” रोमिंगर म्हणाले, “तुमचं म्हणणं असं, की राडकाने दार किल्लीने उघडलं, काच फोडली, बूट नेला. ठीक. मग काचा कुठे आहेत?”

नेगेलेने जमिनीकडे पाहिलं. आत्ता पाहिलं.

“चोराने वेचल्या,” तो म्हणाला.

“वेचल्या, झाडल्या, आणि नंतर वरपासून खालपर्यंत जिना पाण्याने पुसला. कोपऱ्यांसकट. मी अनेक प्रकारचे चोर पाहिलेत. काही हुशार होते. बादली घेऊन आलेला एकही नव्हता.” ते वळले. “मुन्झबाई, वेगळं काही ऐकलं नाही म्हणालात. नेहमीचं काय ऐकलंत?”

“नेहमीचंच. पहाटे जिन्यात बादली आणि झाडू.”

“हे हवालदाराला का नाही सांगितलंत?”

“त्याने वेगळं काय ते विचारलं होतं. शनिवारी जिना झाडणं यात वेगळं काय?”

“झाडत कोण होतं?”

“मी दार उघडून बघितलं नाही. माणूस झाडत असताना बघायचं नसतं. झाडून झाल्यावर बघायचं असतं. पण पाटी ज्याच्या दारावर, तोच असणार. दुसरा कोण झाडेल?”

सगळ्यांनी झाइबोल्टांकडे पाहिलं. प्रवाशांपैकी एकाने चुकून फोटो काढला.

“मी उल्मला होतो,” झाइबोल्ट म्हणाले.

“होतात. काल रात्रीपर्यंत. डॉक्टर, गाडी वेळेवर आली असं तुम्ही म्हणालात, तिथेच मला शंका आली होती; आपल्याकडे हल्ली गाडी वेळेवर येते कुठे? पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. एखादी गाडी येतेही. पुरावा पायऱ्यांवर आहे. तुम्ही रात्री गुपचूप घरी आलात. पहाटे इथे चढलात. पेटी किल्लीने उघडली असती तर संशय तुमच्यावर आला असता, म्हणून कापड लावून, आवाज न करता काच फोडलीत. दाराला कुलूप घातलंत, म्हणजे उरली फक्त राडका. इथवर काम चोख होतं. तसेच निघून गेला असतात तर मी आत्ता खाली सॉसेज खात असतो. पण जमिनीवर काचा पडल्या होत्या, खाली तुमच्या दारावर पाटी होती, आणि शनिवार होता. तुम्हाला जाववेना.”

झाइबोल्टांचा चेहरा लाल झाला. “मुन्झबाई दर शनिवारी कोपरे तपासतात,” ते म्हणाले. “तुम्हाला कल्पना नाही.”

“मला पूर्ण कल्पना आहे,” रोमिंगर म्हणाले. “बॅग उघडा.”

बॅगेत घडी केलेले शर्ट होते. शर्टांना डाग पडू नये म्हणून बूट वेगळ्या कापडी पिशवीत घातला होता.

“हा नदीत का नाही टाकलात?” नेगेलेने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“नदीत कचरा?” झाइबोल्ट दुखावले. “चामडं, लाकडी टाच, लोखंडी बक्कल. कचऱ्याचे तीन वेगळे डबे. सुटं करायला वेळच मिळाला नाही.”

रोझविटाने बूट हातात घेतला. आत हात घालून अस्तर उलटं केलं आणि उजेडात धरलं.

“त्रेचाळीस,” ती म्हणाली. “छापलेलं आहे. गेबहार्ट, तुझाच नंबर.”

“आजोबांचा होता,” झाइबोल्ट खाली बघत म्हणाले. “गावच्या हौशी नाटकात ते सम्राट व्हायचे. उजवा बूट विंगेत हरवला. युद्धानंतर गावात दाखवायला काहीच उरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी डावा इथे आणून ठेवला. गावाला इतिहास दिला त्यांनी. आणि ही मुलगी फोन करून विचारते, चामडं किती जुनं?”

“प्रवासी विचारत होते,” राडका म्हणाली.

“आमच्या तीन पिढ्यांत कोणी विचारलं नाही.”

“तुम्हाला आपुलकी होती ना,” राडका म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

झाइबोल्टांनी खिशातून बिल्ला काढून तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो गळ्यात घातला, सरळ केला, आणि बूट रोझविटाकडून घेऊन पुन्हा खळग्यात बसवला.

“मंडळी,” ती प्रवाशांना म्हणाली, “हा नेकरहाल्डेनच्या हौशी नाटकमंडळीचा डावा बूट. नंबर त्रेचाळीस. बूट खरा आहे.”

पुन्हा सगळ्यांनी फोटो काढले. मघाच्या बाईंना तो आता मोठा वाटला.

नेगेलेने झाइबोल्टांचा दंड धरला. बेड्या तो चौकीत विसरला होता. दोघे दारापर्यंत गेले, तिथे झाइबोल्ट थांबले आणि मागे वळले.

“फौजदार, एक विनंती होती.”

“वकील बोलवायचा?”

“तो येईल. खाली दारावरची ती पाटी... आमचा आठवडा संपला. तेवढी मुन्झबाईंच्या दारावर अडकवाल का? जरा सांभाळून, दोरी विरलीय.”