उजव्या डोळ्यातले खारट थेंब

लिनेट आता सापडणार नाही, हे मला सहा ऑगस्टला, मंगळवारी सकाळी कळलं. शोधायला गेलेली बोट तिसऱ्या दिवशी परत आली. बोटीवरच्या माणसाने तिचा एक रबरी बूट माझ्या हातात दिला आणि स्वतःची टोपी काढली.

पुढचं कुणी मानलं नाही तरी चालेल. मला गोष्टी रचता येत नाहीत. तीस वर्षं मी पश्चिम ऑस्ट्रेलियात, लीमनच्या किनाऱ्यावर शेवंड, म्हणजे लॉबस्टर, पकडतोय, एवढंच मला येतं. घडलं ते रात्री नाही, दिवसाउजेडी घडलं. अकरा नोव्हेंबरला, दुपारी दोनच्या सुमाराला, माझ्याच घरात.

आधी थोडं मागचं सांगतो.

लिनेट माझी बायको, आणि बोटीवरची जोडीदारही. शेवंडीचे पिंजरे आम्ही खडकांना लागून टाकतो, जिथे लाटा फुटतात. ते उचलायला आत शिरायचं तर एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने समुद्रावर नजर ठेवायची. मोठी लाट उठली की हात वर करून ओरडायचं.

सुकाणू माझ्याकडे. नजर तिची.

मला जाड चष्मा. खारं पाणी उडून काचा पांढऱ्या व्हायच्या. "लेसर करून टाक रे ट्रेव्हर," ती दहा वर्षं म्हणत होती. "तुझ्यापेक्षा त्या पिंजऱ्यातल्या शेवंडीला जास्त दिसतं."

ऑगस्टातल्या त्या दिवशी, खडकांजवळ शिरताना ती ओरडली, "लाट! दिसतेय ना?"

मी म्हणालो, "दिसतेय."

काही दिसत नव्हतं. पण काचा पुसायच्या म्हणजे तिच्यासमोर हार मानायची.

बोट आडवी झाली. सावरली. मी मागे वळून पाहिलं...

डेकवर कुणी नव्हतं.

पोलिसांना मी सांगितलं, तिने हाक दिलीच नाही. तिचं लक्ष नव्हतं. तसा जबाब लिहिला गेला. मी सही केली.

नोव्हेंबरात पर्थला जाऊन उजव्या डोळ्याला लेसर करून घेतलं. डाव्याची तारीख महिन्यानंतरची होती. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात. दिव्याकडे बघत राहायचं. केस जळल्यासारखा वास येतो. मिनिटभरात संपतं.

दुखणं नंतर सुरू होतं.

रोंडा, लिनेटची धाकटी बहीण, माझ्याकडे राहायला आली. दर चार तासांनी ती डोळ्यात औषध घालायची. डोळ्यात घातलं तरी ते घशात उतरतं. कडू जहर.

"पापणी मिटू नकोस, ट्रेव्ह. नाहीतर नाकात घालीन."

"तुझा हात म्हणजे नांगर आहे."

"मग नर्स ठेवायचीस. गोड बोलणारी."

ती हसली. डोळ्यावर प्लास्टिकची वाटी ठेवून चिकटपट्टी लावता लावता म्हणाली, "एक विचारू? लिन कधी बेसावध नसायची रे. खरंच ओरडली नाही ती?"

"नाही," मी म्हणालो.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. डोळ्यात काच कुटून भरल्यासारखी. एक डोळा दुखायला लागला की दुसराही उघडवत नाही. मी पडदे ओढले आणि दोन्ही डोळ्यांवर काळा रुमाल बांधून पडून राहिलो. रोंडा दूध-पाव आणायला गाडी घेऊन गेली.

घर शांत झालं.

मग मागचं दार वाजलं.

पावलं आली. पचक... पचक... ओल्या रबरी बुटाची.

एकाच बुटाची. दुसरं पाऊल अनवाणी होतं.

"रोंडा?"

पावलं पलंगापाशी येऊन थांबली.

रुमाल वर सरकला. वाटीची पट्टी हळूच निघाली. जरासुद्धा ओढ बसली नाही. मी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले होते. एका अंगठ्याने उजव्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली. अंगठा बर्फासारखा गार...

थेंब पडला.

घशात उतरला. कडू नव्हता.

खारट होता.

अगदी कानाशी आवाज आला. "दिसतेय ना?"

मी तो आवाज ओळखला. तोंडून सवयीने तेच निघालं. "दिसतेय."

दुसरा थेंब. आग झाली.

"दिसतेय ना?"

"हो, लिन... दिसतेय..."

तिसरा. मग थेंब नाहीत, धारच. नाकात, घशात खारं पाणी. श्वास घेता येईना. अंगठा पापणी सोडेना.

"नाही दिसली!" मी ओरडलो. "तू ओरडलीस, पण मला लाट दिसलीच नाही!"

पाणी थांबलं.

पट्टी पुन्हा लागली. रुमाल खाली आला. दार मात्र वाजलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. अंगणात गाडी थांबली.

"उशीर झाला रे, दुकानात गप्पा मारत बसले," रोंडा आत आली. "चल, औषधाची वेळ झाली."

"तू... आत्ता घातलंस ना?"

"मी? बाटली तर माझ्या पर्समध्ये आहे." ती जवळ आली. थांबली. "ही पट्टी कुणी लावली? इतकी सरळ मला तर जमत नाही. आणि उशी का भिजलीय?"

मी घाम आला म्हणून सांगितलं.

बुधवारी पर्थच्या डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. सगळ्यात खालची बारीक ओळ मी घडाघडा वाचली. "इतक्या लवकर इतका साफ? छान काळजी घेतलीय कुणीतरी," त्या म्हणाल्या. रोंडा खूश झाली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं धक्क्यावर गेलो. चष्म्याशिवाय सगळं लख्ख दिसत होतं. पक्षी, बोटी, लांबचा खडक.

आणि खडकावर...

लिनेटचा बोटीवरचा पिवळा कोट. हात वर केलेला. तोंड माझ्याकडे.

"रोंडा, तिकडे बघ. खडकावर."

तिने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. "काय बघू? फेस आहे नुसता."

मी उजवा डोळा झाकला. डाव्याला सगळं धूसर, पांढरं. उजवा उघडला.

ती तिथेच होती. हात अजून वरच.

तेव्हापासून रोज दिसते. डाव्या डोळ्याची तारीख मी जाऊ दिली. रोंडा दर रविवारी फोन करते आणि विचारते, "कधी करतोयस दुसरा?" मी हवापाण्याचं काहीतरी बोलतो.

खरं मी एकदाच बोललो, त्या दुपारी. ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

पोलिसांकडच्या कागदावर अजूनही लिहिलेलं आहे, की लिनेटने हाक दिली नाही. तो जबाब मी बदललेला नाही.