ताईचा मोठा फोटो

ताईला जाऊन नऊ दिवस झाले होते. दुपारी भाऊजी माझ्या स्टुडिओत आले. भिंतीवर लावायला तिचा मोठा फोटो हवा होता. मोबाइलमधला एक त्यांनी निवडून आणला होता. निळा स्वेटर घालून खिडकीपाशी बसलेली ताई. ती जिन्यावरून पडली, त्याच्या दोन दिवस आधीचा.

डोळ्याखालचा डाग तेवढा काढ, जरा हसरी कर, असं सांगून ते बाहेरच्या बाकावर बसले. तुझा तर हातखंडाच आहे, म्हणाले.

होताच. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, उजेड कुठून घ्यावा, हनुवटी किती वळवावी. तरीही जे नको ते दिसतं, ते मी नंतर पुसतो. ताईकडच्या प्रत्येक समारंभाचे फोटो माझ्याकडेच यायचे. दंडावर उमटलेली बोटं, फुटलेला ओठ, मानेवरचा निळा वळ. ती म्हणायची, कपाटाचं दार लागलं. मी पुढे विचारायचो नाही. फोटोतली शेजारची चांगली कातडी उचलायची, डागावर बसवायची, कडा विरघळवायच्या. दोन मिनिटांचं काम.

आतल्या खोलीत खिडकीला काळा पडदा असतो, स्क्रीनवरचे रंग खरे दिसावेत म्हणून. मी बसलो, डाग काढला, फाइल सेव्ह केली. प्रिंटला द्यायला पुन्हा उघडली, तर डाग जागच्या जागी.

पुन्हा काढला. पुन्हा आला, या वेळी गालाच्या हाडापर्यंत उतरलेला. शाईच्या वासात दुखऱ्या जागी चोळायच्या मलमाचा वास मिसळला होता. आणि पाठीमागे कुणीतरी श्वास घेत होतं… खूप रडून नाक चोंदलं की घेतात तसा, तोंडाने.

मी वळलो नाही. कपाळावरची कातडी उचलली, कपाळ निळं पडलं. मानेवरची घेतली, मानेवर चार बोटं उमटली. जिथून घ्यावी तिथं नवा व्रण. शेवटी त्या चेहऱ्यावर उचलायला चांगली कातडी उरलीच नाही.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्या वर संताप चढला. भाऊजींचा, आणि त्याहून जास्त या माझ्या दोन हातांचा. फोटो त्या सगळ्या व्रणांसकट छापला आणि बाहेर नेऊन भाऊजींच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी बराच वेळ पाहिला.

"डाग काढ म्हटलं होतं ना…"

"निघत नाहीत."

"आजवर तर निघत होते," ते हळूच म्हणाले.

मी त्यांची कॉलर धरली. बाकावरून उठवून भिंतीला टेकवलं आणि विचारलं, "ती पडली, की तुम्ही ढकललंत?"

ते माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीच्या दाराकडे बघत होते, आणि चेहऱ्यातलं रक्त उतरत चाललं होतं.

"तिला… तिला आतच थांबायला सांग," एवढंच म्हणाले. माझा हात झटकून रस्त्यावर पळाले. फोटो तिथंच पडला.

मी काही टाकून देत नाही. पुसण्याआधीच्या सगळ्या मूळ फाइली माझ्याकडे होत्या. त्याच संध्याकाळी त्या पोलिसांकडे दिल्या. इतकी वर्षं गप्प का होतात, असं तिथल्या बाईंनी विचारलं. चौथ्या दिवशी भाऊजींना अटक झाली.

आमच्या घरी स्वयंपाकघरात एक जुना फोटो आहे. ताई नऊ वर्षांची, मी सहाचा, दोघं कुंपणाला टेकून कॅमेऱ्याकडे बघतोय. वडिलांनी काढलेला. त्यात मी कधी काही केलेलं नाही. अटकेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याच्यासमोर उभी होती, चहा हातात तसाच.

"ही पहिल्यापासून तुझ्याकडेच बघत होती का रे…?"

मी पाहिलं. फोटोतला मी समोर बघून हसत होतो. ताईने मान पूर्ण वळवली होती.

"हो," मी आईला म्हणालो. "पहिल्यापासूनच."